कासवाला उपाशी झोपवायचं होतं

मंडळी, आज आमच्या घरात भांडण झालं, तेही कासवावरून!

आमचं बॉक्स टर्टल हिवाळाभर गॅरेजमधल्या खोक्यात झोपतं. त्याआधी तीन आठवडे त्याला उपाशी ठेवायचं असतं, कारण थंडीत अन्न पचत नाही, पोटातच सडतं. परवाच त्याला झोपवलं.

महिन्यापूर्वी पुण्याहून आमच्याकडे परदेशात आलेल्या सासूबाई आज सहज म्हणाल्या, "मी रोज केळं भरवत होते हो. मुक्या जिवाला उपाशी झोपवायचं?"

"आई, जीव जाईल त्याचा!" माझ्या तोंडून निघालं.

त्या रडायला लागल्या. मी व्हेटला फोन केला. ती म्हणाली, हळूहळू ऊब द्या, पोट रिकामं होईपर्यंत झोपू देऊ नका.

आता ते हॉलमध्ये आहे. धड झोपता येत नाही, धड जागं होता येत नाही.

माझी लेक कासवाकडे बोट दाखवत म्हणाली, "आजी, ही कान्ट से नो. त्याला 'नको' म्हणता येत नाही."

आपल्या मायेला 'नको' म्हणता न येणारे तुमच्या घरात किती जण आहेत?