ज्वारीचं रान संपलं की डावीकडं

आमचे हे जीप चालवायचे. माळढोकांचा अभ्यास करायला एक साहेब सोलापुरात येऊन राहिले होते, त्यांच्याकडं यांची नोकरी. माळढोक म्हणजे उंच मानेचा, कमरेएवढा मोठा पक्षी. आमच्या गावाकडं त्याला हूम म्हणतात, कारण नर तसा आवाज काढतो. नान्नजच्या पुढं जो मोकळा माळ पडलाय तिथं तो राहतो. साहेब रोज पहाटे यांना घेऊन जायचे आणि ऊन चढल्यावर परत यायचे. तो माळ पक्ष्यांसाठी राखून ठेवायचा असं सरकारात चाललं होतं, म्हणून लांबलांबून पाहुणे तो बघायला यायला लागले होते.

आम्ही भवानी पेठेत दोन खोल्यांत राहायचो. सासूबाई, सासरे, धाकटे दीर आणि आम्ही. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायचं नाही अशी घरची रीत होती, आणि दोन खोल्यांत वडीलधारे कुठं नसणार? "ऐकलं का, पाणी", "डबा झाला का" यापलीकडं यांचं माझ्याशी बोलणं नसायचं. मला वाईट वाटायचं असं नाही. सगळ्यांच्या घरी तसंच होतं. मला वाटायचं, म्हातारपणी बोलू.

मग यांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हटलं, मग जीपची धूळ म्हटलं. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. शेवटी साहेबांनीच मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मुंबईला जाऊन घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल. माणूस वाचेल, पण बोलणार नाही.

मुंबईला जायच्या आधी, पौषात, साहेबांनी यांना एक काम सांगितलं. साहेबांकडं पक्ष्यांचे आवाज भरायचा टेपरेकॉर्डर होता. साहेब म्हणाले, "तुझ्याइतका रस्ता कुणाला ठाऊक नाही. माळावर ना पाटी ना दगड. तू जीप चालव आणि बोलत जा. पाहुणे आले की जीपमध्ये ती कॅसेट लावतील, आणि कुठं वळायचं, कुठं थांबायचं, काय बघायचं, ते तुझ्याच तोंडून ऐकतील." हे एकटेच जीप घेऊन गेले, बोलून आले आणि कॅसेट साहेबांना देऊन टाकली. घरी कुणी ती ऐकली नाही.

फाल्गुनात ऑपरेशन झालं. गळ्याला खाली एक भोक ठेवलं होतं, त्यातून श्वास घ्यायचा. त्यावर मी मलमलीचा तुकडा ओला करून बांधायची. हे खुणा करायचे. सासऱ्यांना वाचता येत नव्हतं, सासूबाईंना दिसत नव्हतं, मग सगळ्या खुणा माझ्याकडं. पाणी, औषध, पंखा. एकदा सासूबाई मला म्हणाल्या, "आता तूच त्याचं तोंड बाई." मी आत जाऊन भांडी घासत बसले.

धाकट्या दिरांना यांच्या जागी जीपवर घेतलं. भाद्रपदात साहेबांनी त्यांच्याकडं टेप आणि कॅसेट पाठवली. निरोप असा होता की उद्या सकाळी पाहुणे येतायत, त्यांना जीप देऊन कॅसेट लावून सोडायचंय. त्याआधी आज एकदा कॅसेट लावून जाऊन बघा. बरोबर असली तर तशीच ठेवा. चुकली असली तर त्याच कॅसेटवर तुम्ही नवीन बोला. दुसरी कोरी नाही, बाकीच्या सगळ्यांवर पक्ष्यांचे आवाज आहेत.

हे ऐकल्यापासून माझ्या मनात एकच चाललं होतं. कॅसेट बरोबर निघू दे. बरोबर निघाली तर ती साहेबांच्या जीपमध्ये राहील, पण राहील तर खरी.

टेप मांडीवर धरायला कुणीतरी पाहिजे होतं, रस्ता खडबडीत म्हणून. मलमल भिजवायलाही कुणीतरी पाहिजे होतं. म्हणून मला न्यायचं ठरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तो माळ मी पाहिला नव्हता.

दिरांनी मला टेपची बटणं शिकवली. त्यावर इंग्रजी अक्षरं होती, ती मला येत नव्हती. "वैनी, हे दाबलं की ते बोलतंय. हे आन् शेजारचं तांबडं, दोन्ही एकदम दाबलं की ते ऐकतंय. तांबड्याला हात लावू नका, दादाचं बोलनं पुसून जाईल."

"नाही लावत भावजी."

हे पुढं दिरांच्या शेजारी बसले, मी मागं. यांनी हाताची घडी घातली आणि आपल्या छातीवर बोट ठेवून मागं दाखवलं. दीर हसले. "दादा म्हणतोय, आज मी पाव्हणा हाय. चुकलं तरी सांगायचा न्हाय."

बार्शीच्या रस्त्याचा नाका आला तिथं मी बटण दाबलं.

आधी जीपचाच आवाज आला. मग खाकरल्याचा. मग हे बोलले.

"नमस्कार पाव्हणं. मी डायवर बोलतोय. जरा दमानं चालवा, हितनं म्होरं ढोरं आडवी येत्यात."

मी टेप दोन्ही हातांनी धरला. यांची मान माझ्यासमोर होती, मलमलीची गाठ मीच सकाळी मारलेली. त्या मानेतून काही येत नव्हतं, आणि माझ्या मांडीवरून हे बोलत होते. आवाज बसलेलाच होता, पण त्यांचाच. फाल्गुनापासून ऐकला नव्हता.

आणि किती बोलत होते! मला वाटायचं, यांना बोलायलाच फार येत नसेल. टेपात ते पाहुण्यांना चंडोल कसा ओळखायचा ते सांगत होते. काळवीट पळताना मध्येच थांबून मागं का बघतं ते सांगत होते. लहानपणी त्यांना लांडगा आडवा आला आणि हे झाडावर चढले, तर झाडाखाली कुत्रंच होतं, हे सांगून स्वतःच हसले. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. दीर जोरात हसले. "आयला, हे दादानं मला कदी सांगितलं न्हाय!" यांचे खांदे हलले. हसताना आता गळ्यातून नुसता वारा यायचा.

दीर घाई करत होते, म्हणून टेप मागं पडायचा. विहीर मागं गेली आणि मग टेप म्हणायचा, "उजव्या हाताला हीर बगा, पानकोंबड्या असत्यात." दीर टेपाला उत्तर द्यायचे, "गेली की हीर! दादा, तू लई हळू चालवतोस."

"भावजी, हळू घ्या," मी म्हणाले. मला जीपसाठी नव्हतं सांगायचं.

नान्नज मागं टाकून आम्ही कच्च्या वाटेला लागलो. टेप म्हणाला, "आता तुमच्यासंगं बाईमाणसं असतील तर त्यास्नी कडंला बसवा. बाईची नजर बारीक असती. पक्षी आदी तिलाच दिसतो. मला हे घरातनं कळलंय. ज्वारीतला खडा माझ्या बायकुला लांबनं दिसतो."

दिरांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. हे पुढंच बघत होते. कानामागची जागा लाल झालेली मला मागून दिसली. मी कडंला सरकले. एवढ्या वर्षांत यांनी माझ्याबद्दल असं काही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, ते हे असं, परक्या पाहुण्यांना सांगताना. मला ते पुन्हा ऐकायचं होतं. पण मागं फिरवायचं बटण कोणतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि दिरांना विचारायची लाज वाटली.

"आता हुरड्याची आगटी दिसंल," टेप म्हणाला. "ज्वारीचं रान संपलं की डावीकडं वळा. सरळ माळावर घाला, चाकोरी न्हाय पन जमीन घट हाय."

दिरांनी जीप हळू केली. ज्वारी कुठंच नव्हती. हे बोलून आले तेव्हा पौष होता, ज्वारी डोक्याएवढी उभी असणार, लोक आगटीत कणसं भाजून हुरडा खात असणार. आता भाद्रपद. काळं रान नुसतं नांगरून पेरणीची वाट बघत पडलं होतं, आणि अशी रानं एकापुढं एक होती.

"कुटलं रान म्हनायचं?" दीर म्हणाले. त्यांनी यांच्याकडं बघितलं. यांची घडी घातलेली बोटं दंडावर घट्ट झाली, पण हात सुटले नाहीत. आज ते पाहुणे होते. मी मनात म्हणत होते, भावजी, नीट वळा, कसंही करून नीट वळा.

एक रान संपलं तिथं दीर डावीकडं वळले. पुढं गवत होतं, गुडघ्याएवढं, कुसळं धरलेलं. टेप म्हणत होता, "आता गाडी सोडा निवांत. हितं कायबी आडवं न्हाय." जीप गवतात शिरली. धूळ उडाली तशी यांनी मान खाली घालून मलमल हातानं झाकली. दीर लांब टेकाडाकडं बघत होते.

मी कडंला होते. चाकाच्या पुढं, गवत विरळ होतं तिथं, मातीचं ढेकूळ दिसलं. ढेकळाला डोळा होता.

"थांबा!" मी ओरडले.

सासरी आल्यापासून मी कधी ओरडले नव्हते. दिरांचा पाय दचकून ब्रेकवर पडला आणि जीप बंद पडली. ते ढेकूळ उभं राहिलं. माळढोकाची मादी होती. उंच पांढुरकी मान, तपकिरी पाठ. ती आमच्याकडं न बघता चालत निघाली, मग पळाली, मग जड अंगानं उडाली. ती उठली तिथं उघड्या मातीवर एक अंडं होतं. काडी नाही, घरटं नाही. मातीच्याच रंगाचं, हिरवट डाग असलेलं, एकच. पुढचं चाक आणि अंडं यांच्यामध्ये मी झोपले असते तर मावले नसते.

टेप अजून बोलत होता. "आता इंजन बंद करा. कुनी बोलू नका. नुसतं ऐका." आणि मग टेपात हे गप्प झाले. नुसता वारा होता, आणि मध्ये मध्ये यांचा श्वास, तेव्हाचा, नाकातून येणारा.

हे खाली उतरले. अंड्याजवळ गेले नाहीत, लांबच उकिडवे बसले. हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो, हे मला दिरांनी तिथं सांगितलं. पौषात माळावर अंडी नसतात, पावसाळ्यात असतात. यांना ते सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. पण त्या दिवशी यांनी समोर दिसलं ते सांगितलं होतं, ज्वारी, आगटी, घट्ट जमीन. मुंबईला जायचं होतं. पुढं पावसाळा बघायचा आहे की नाही, हे तरी यांना कुठं माहीत होतं?

बऱ्याच वेळानं ते उठले. आम्ही जीप तशीच उलटी, आलेल्या चाकांच्या खुणांवरून, वाटेपर्यंत घेतली. मादी परत येऊन बसलेली लांबून दिसली. मग हे मागच्या बाजूला माझ्याकडं आले. मला वाटलं, मलमल भिजवून पाहिजे. यांनी टेपकडं बोट केलं. मग तांबड्या बटणावर बोट ठेवलं.

दीर म्हणाले, "राहू दे की दादा. मी उद्या पाव्हण्यांसंगं जातो. तोंडानं सांगतो."

यांनी मान हलवली. जीपमध्ये जागा नाही, हे त्यांनी बोटं मोजून दाखवलं. पाहुणे भरून येणार होते.

"मग दुसरी कॅसेट आनू. मुंबईसनं मागवतो मी. वैनीला ठेवू दे ही."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी खाली टेपकडं बघत होते. यांनी पुन्हा अंड्याच्या दिशेनं हात केला, मग ओंजळ केली, आणि चाक फिरवल्यासारखं करून ती ओंजळ बंद केली. उद्या सकाळी. ते मला कळलं. यांच्या खुणा मलाच कळायच्या.

मी म्हणाले, "भावजी, गाडी परत नाक्यावर घ्या."

नाक्यावर दिरांनी कॅसेट मागं फिरवून पहिल्यापासून लावून दिली. ते जीप चालवत बोलणार होते, हे शेजारी बसून हातानं दाखवणार होते. बटणं दाबायला मीच होते. दिरांनी सांगितलं, "वैनी, आता कुनी बोलायचं न्हाय. सगळं उटतंय त्यात." त्यांनी घसा साफ केला आणि मला मान हलवून खूण केली.

मी दोन्ही बटणं एकदम दाबली. चाकं फिरायला लागली.

"नमस्कार पाव्हणं," दीर म्हणाले.

वाटेत हे वाकून दाखवत होते, वड दाखवला, पूल दाखवला, जे बारा महिने जागचं हलत नाही तेवढंच. दीर एकेक सांगत होते, नीट, शाळेतल्या मुलासारखं. लांडग्याची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. बाईमाणसांना कडंला बसवायचंही सांगितलं नाही. यांनी ते जिथं सांगितलं होतं, ती नान्नजच्या पुढची कच्ची वाट मला ओळखता येत होती. ती वाट आली तेव्हा माझ्या मांडीवर टेप फिरत होता, आणि मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते, कारण टेप ऐकत होता, आणि माझं रडणं उद्या पाहुण्यांना ऐकू गेलं असतं.