भोंगाबाईच्या कानांची नोंद

भोंगाबाईला सरकारने बहिरी ठरवलं, ही बातमी कळली तेव्हा गल्ली पोट धरून हसली. हसणारच! सूतगिरणीच्या त्या गदारोळात पलीकडच्या टोकाला हाक पोचवायची तर ती हिनेच, म्हणून तर बाईचं नाव भोंगा पडलेलं. तिला मात्र हसू येत नव्हतं. गिरणीतली यंत्रं एकेक करून बंद पडत होती आणि शाळेने तिला बस चालवायला घ्यायचं कबूल केलं होतं. नवऱ्याच्या टेम्पोवर तिचा हात चांगला बसला होता, गावातले रस्ते पाठ होते. अडलं होतं ते परवान्यावर. आणि परवाना कचेरीने नाकारला. कारण काय, तर ‘दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.’

घडलं होतं ते असं. गिरणीतल्या बाया कामावर शिरताना कानात कापसाचे बोळे घालतात. घालायचं लक्षात राहतं, काढायचं राहत नाही. बोळ्यांसकट बाजार करतात, बोळ्यांसकट जेवतात. भोंगाबाई गिरणीतली पाळी संपवून तशीच तपासणीला गेली. डॉक्टर तिच्या पाठीमागे उभे राहून काहीबाही पुटपुटले, काहीतरी वाजवलं, आणि ही आपली तपासणी कधी सुरू होते याची वाट बघत बसलेली. ती संपलीसुद्धा! घरी येऊन केस धुताना बोळे हातात आले, तेव्हा बाईने कपाळावर हात मारून घेतला.

ती तडक कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकूनबाईंना सगळं सांगितलं, अर्थात गिरणीच्या आवाजात.

“कॉम्प्युटरमध्ये आहे तेच खरं,” कारकूनबाई म्हणाल्या. “आणि बघा ना, केवढ्यानं ओरडताय! ज्यांना ऐकू येत नाही तीच माणसं असं ओरडतात.”

आता यावर काय बोलणार, कप्पाळ! बोलावं तर बहिरी, गप्प बसावं तरी बहिरी. घरी येऊन ती ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडली. तिची सासू टपाल कचेरीत जन्म काढून निवृत्त झालेली. सरकारी कागदाला भिणारी नव्हे. सुनेला तिने रडू दिलं, मग म्हणाली, “झालं रडून? आता ऐक. तुझ्याबद्दल तिथे काय लिहिलंय त्याची प्रत माग, तो तुझा हक्क आहे. चुकलंय ते दुरुस्त करा म्हणून अर्ज दे. नाही म्हणाले तर का नाही, ते लेखी माग. तोंडी काही ऐकून घेऊ नकोस.”

“आई, ते हाकलून देतील हो.”

“देऊ देत. परत जायचं.”

भोंगाबाईने प्रत मागितली, अर्ज दिला. अर्जात कापसाचं लपवलं नाही. मग हेलपाटे सुरू झाले. साहेब रजेवर, साहेब मीटिंगमध्ये, साहेब आत्ताच गेले. शाळेतून निरोप आला की जागा फार दिवस अडवून ठेवता येणार नाही. तिचा जीव टांगणीला लागला. आणि एके दिवशी साहेब सापडले.

त्यांच्या काचेच्या खोलीचं दार बंद होतं. कारकूनबाई आत तिचाच अर्ज घेऊन उभ्या होत्या. भोंगाबाई बाहेरच्या बाकावरून टक लावून बघत होती.

“चूक आपलीही आहे,” साहेब म्हणत होते, “आधी कानात बघायला नको का? पण आता तसं लिहून कोण देणार?”

“राहू दे साहेब, कंटाळेल आणि येणं बंद करेल.”

भोंगाबाई उठली आणि दार ढकलून आत गेली. “कंटाळणार नाही मी. आणि लिहून मी दिलंय की, कापूस माझाच होता म्हणून!”

दोघं गारच पडले. “दार बंद होतं,” साहेब म्हणाले. “तरी तुम्हाला ऐकू आलं?” मग ते खो खो हसायला लागले आणि त्यांनी पेन उघडलं. “झालं तर! पुन्हा तपासणी कशाला? श्रवणशक्ती उत्तम. लिहून टाकतो.”

पेन कागदाला टेकलं होतं. ती नुसती गप्प राहिली असती तरी काम फत्ते होतं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला मोह झालाच.

“ऐकलं नाही साहेब,” ती म्हणाली. “ओठ वाचले. गिरणीत आम्ही असंच बोलतो.”

“अहो बाई, मी तुमच्या बाजूने लिहितोय!”

“बाजूने नको. माझे कान तपासा आणि असेल ते लिहा. एक खोटं खोडून दुसरं कशाला?”

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा तपासणी लावली. तेच डॉक्टर, तीच खोली. या वेळी त्यांनी आधी बॅटरी लावून कानात पाहिलं. भोंगाबाईने इतकी वर्षं यंत्रांजवळ काढलेली, खरंच काही निघालं तर? आणि निघालंच. उजवा कान ठणठणीत, डावा जरासा मंद. परवाना मिळण्याइतकं मात्र दोन्हींनी ऐकू येत होतं.

“डाव्याचं राहू दे,” साहेब समजुतीने म्हणाले. “नियमात बसतंय, उगाच कागदावर कशाला?”

“लिहा साहेब. माझ्या मागे पोरं बसणार आहेत. एखादं बारीक आवाजाचं पोर डावीकडून हाक मारेल. मला मान वळवायला हवी, हे मलाही माहीत असू दे आणि शाळेलाही.”

साहेबांनी जुनी ओळ रद्द केली, तिच्याखाली नवी लिहिली, आणि सही करायच्या आधी कागद तिच्याकडे फिरवला. “वाचून बघा. बरोबर आहे का?”

इतक्या वर्षांत कुठल्याच कचेरीत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले, ते तिने पदराने पुसले आणि ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. घाई केली नाही.

“हो साहेब,” ती म्हणाली, “ही मीच.”