आरीची चांदणी

खोगीरमामांना दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता: एक नायलॉन, आणि दुसरी, आपल्यापेक्षा चांगलं शिवणारी माणसं. म्हातारपणी दोन्ही एकाच खोलीत त्यांच्या वाट्याला आल्या.

एके काळी मामा घोड्यांचे साज शिवत. आपल्या हातचा साज चढवला की घोडा मान वळवून स्वतःकडेच बघतो, असं ते सांगत. घोड्याला विचारायला कोणी गेलं नाही. मग रस्त्यावरचे घोडे गेले, आणि मालकाने त्याच कारखान्यात उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांसाठी सुरक्षेचे नायलॉनचे पट्टे करायला घेतले. खांद्यांवरून छातीवर येणारे, मांड्यांभोवती आवळायचे, पाठीशी दोर अडकवायची कडी. मामा त्यांना चड्ड्या म्हणत. "घोडे सजवले, आता बाप्यांना लंगोट नेसवतोय," असं पानवाल्यालाही ऐकवत.

त्यात शिलाई मामांकडे नव्हतीच. ती करत शिलाईवाल्या वहिनी, मान खाली, तोंड बंद, आणि टीप अशी सरळ की मामांच्या पोटात दुखावं. कड्या बाजारातून तयार येत. मामांनी त्या ओवायच्या आणि पट्टा उलटसुलट करून बघायचा, बस्स. म्हणजे निव्वळ खोगीरभरती, आणि तीही आयुष्यभर खरी खोगिरं भरलेल्या माणसाच्या नशिबी.

जुन्या कामात साज पुरा झाला की मामा आरी तापवून चामड्याच्या आतल्या अंगाला पाच ठिपके टोचत. झाली चांदणी. ती त्यांची सही. एके दुपारी वहिनी पाणी प्यायला उठल्या तेव्हा मामांनी एका पट्ट्याच्या मांडीकडच्या पट्टीवर, आतून, कोणाच्या नजरेस येणार नाही अशी चांदणी टोचली. जरासा धूर निघाला, वास आला, कडा वितळून गुळगुळीत झाल्या. चामड्याला कधी काही झालं नाही, मग याला काय होणार? तेव्हापासून संधी मिळेल त्या पट्ट्यावर चांदणी पडू लागली आणि मामा कामावर शीळ घालू लागले. वहिनींना वाटलं, म्हातारा निवळला.

मग तुर्की गिऱ्हाईक आलं. पाहुणा इंग्रजी बोलायचा आणि मालक ते मराठीत सांगायचा. चहा पिताना मामांनी विचारलं, तुमच्याकडे याला म्हणतात काय? पाहुण्याने हौसेने सांगितलं: इंग्रजीत घोड्याच्या साजाला आणि या पट्ट्याला शब्द एकच, पण आमच्यात घोड्याचा तो कोशुम आणि माणसाचा तो केमेर.

"इंग्रजांना अक्कल आहे," मामा खुलले. "साज तो साज."

"केमेर म्हणजे आपल्या कमरेचाच नातेवाईक दिसतो," मालक म्हणाला.

"म्हणजे चड्डीच की," मामा म्हणाले. मालकाने हे भाषांतर गिळलं.

चहा झाल्यावर पाहुण्याने ढिगातला एक पट्टा उचलला, त्यात वाळूची पोती आवळली आणि छताच्या आकड्यावरून धक्क्याने खाली सोडली. फर्रकन आवाज झाला. मांडीची पट्टी फाटली होती, आणि फाटली होती बरोबर चांदणीतून. ठिपके फाकून एकमेकांत मिसळले होते, चांदणी काही उरली नव्हती. पाहुण्याने कडेवर बोट फिरवलं. "याला काहीतरी गरम लागलंय."

खोलीत गरम वस्तू एकच सगळ्यांना दिसत होती: पट्टीची टोकं कापायची वहिनींची तापती सुरी.

"वहिनी?" मालक म्हणाला.

"माझी सुरी टोकाला लागते. मध्ये कशाला लागेल?"

"मग काय उंदराने विडी टेकवली?"

कोणीतरी हसलं. वहिनींनी मामांकडे पाहिलं. पट्टा शेवटी मामांच्या हातून जातो हे त्यांना ठाऊक होतं. आणि मामांनी काय करावं? मोठ्या मनाने ते म्हणाले, "जाऊ द्या मालक. माणूस आहे, चुकतो."

वहिनींना मशीनवरून उठवून खोकी बांधायला बसवलं. त्या दिवशी मामांनी शीळ घातली नाही, पण घरी जाऊन जेवले मात्र पोटभर. एक पट्टा फाटला, त्यात काय एवढं.

रविवारी लेक-जावई जेवायला आले. जावई काचा पुसायच्या कामावर होता. ताटं वाढता वाढता लेक म्हणाली, "बाबा, यांना नवा पट्टा मिळालाय, तुमच्याच कारखान्यातला. मी आतून उलटून पाहिला तर तुमची चांदणी. म्हटलं, बाबांचा हात लागलाय, आता मी खिडकीत उभी राहून वाट बघायची नाही."

घास मामांच्या तोंडातच राहिला.

"आण बघू तो."

जावयाने पिशवीतून काढून दिला. मामांनी फडताळातली कात्री घेतली आणि मांडीची पट्टी कचकन कापून टाकली.

"अहो मामा, उद्या मी घालू काय?"

तेव्हा मामांनी सांगितलं. वहिनींचंही सांगितलं, पण अगदी शेवटी, ताटाकडे बघत. जावई कापलेली पट्टी बोटांत फिरवत राहिला. लेक म्हणाली, "बाकीच्यांच्या घरीही कोणीतरी खिडकीत उभं असेल ना, बाबा?"

सकाळी मामांनी सगळ्यांसमोर मालकाला सांगितलं. मालक जे बोलला ते छापण्यासारखं नाही. त्याने गिऱ्हाइकांकडे माणसं पिटाळली, कामं थांबवली, आणि वहिनींना मशीनवर परत बसवलं. बसण्याआधी त्या मामांसमोर उभ्या राहिल्या.

"मामा, हे माझ्यासाठी सांगितलंत की जावयासाठी?"

मामांनी कडी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"कळलं," वहिनी म्हणाल्या.

पट्टे परत आले तसे मामांच्या पुढ्यात पडले. एकेक उलटायचा, चांदणी शोधायची, कापायचा. लपवलेली जागा त्यांच्याशिवाय कोणाला पटकन सापडत नव्हती, म्हणून काम त्यांनाच. दुपारी वहिनींनी ढिगातून एक पट्टा उचलला, उजेडाकडे धरला आणि निरखून पाहिला. मामांच्या कामाकडे त्यांनी इतकं बघितलं ते पहिल्यांदाच.

"हात मात्र चांगला आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या. "सगळ्या अगदी सारख्या."

पट्टा त्यांनी मामांच्या मांडीवर ठेवला आणि मशीन सुरू केलं. मामांनी कात्री लावली.