वाफेच्या गाडीवरची रंजू

फोन आला तेव्हा मी मुरबाडच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. बायको म्हणाली, "तुमी निघा... रंजू गेली." चालू बॉयलर सोडून जाता येत नाही. बदली माणूस येईपर्यंत मी दाबाच्या काट्याकडे बघत उभा राहिलो. काटा नीट दिसत नव्हता.

रंजना माझी धाकटी बहीण. शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या अलीकडे आमचं घर. एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या भंगारातून मी इंजिन नसलेली गो-कार्ट आणली होती; जमिनीला घासून चालणारी, छप्पर नसलेली छोटी चारचाकी. तिच्या पाठीला मी पोलादी टाकी बसवली. टाकीत पाणी तापवायचं, दाब चढवायचा आणि मागची झडप एकदम सोडायची. वाफ मागे सुटते, गाडी पुढे. धावताना आग नाही, इंजिन नाही, पाण्यावर चालणारं रॉकेटच ते. चालवायला हलकं माणूस हवं होतं आणि मी ऐंशी किलोचा. रंजू तेव्हा बावीस वर्षांची. म्हणाली, "मी बसते. भाताच्या गोणीयेवढी पण नाय मी." मी हसलो. आईला आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

मुरबाडच्या बाजूला फार्महाऊसच्या प्लॉटिंगसाठी पाडलेला एक सरळ डांबरी रस्ता होता. प्लॉट विकले गेले नव्हते, त्यामुळे रस्त्यावर गुरांशिवाय कोणी नसे. तिथे आम्ही चारशे मीटर मोजले. पहिल्या दिवशी गाडी सुटली तेव्हा मला नुसता पांढरा लोट दिसला, आणि मग पार दुसऱ्या टोकाला मागची छत्री, म्हणजे गाडी थांबवणारं पॅराशूट, फुललेली. धावत गेलो तर ही हेल्मेट काढून रडत होती. घाबरलो. "काय झालं गो?" तर म्हणते, "येवढ्यात संपला?"

पुढची सहा वर्षं आम्ही पुण्या-नाशिककडच्या ड्रॅग रेसना, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या वेगाच्या शर्यतींना, जात राहिलो. मोठ्या मोटारसायकलींची पोरं आधी हसायची, मग मोबाईल काढून उभी राहायची. तिच्यासाठी आलेली दोन स्थळं गाडीचं ऐकून परत गेली. आई मला बोलायची, तिला नाही. रंजूला एवढंच हवं असे, की मी शेवटच्या रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभं असावं. तिकडे वाफ दिसली की घड्याळ चालू, ती समोरून गेली की बंद. थांबल्यावर पहिला प्रश्न तोच, "दादा, टाइम?" आठ सेकंदांच्या आत तिला कधी यायला जमलं नव्हतं.

शेवटची धाव त्याच प्लॉटिंगच्या रस्त्यावर. रेषेच्या आधीच तिने छत्रीची दोरी ओढली, पण छत्री उघडली नाही. गाडी रस्ता संपवून बांधावर आदळली आणि खाचरात उलटली. दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा कमरेखाली काही जाणवत नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले ते तिने विचारलंच नाही. म्हणाली, "टाइम?" मी म्हणालो, "सात पॉइंट चार." ती डोळे मिटून हसली. येणाऱ्याजाणाऱ्याला मग तो आकडा सांगायची, अगदी औषधवाल्यालासुद्धा. आठ वर्षं ती खाटेवर होती. पाठीच्या जखमा भरायच्या, पुन्हा चिघळायच्या. शेवटी ताप उतरेना.

जाण्याच्या दोन दिवस आधी मी तिला पेज भरवत होतो. म्हणाली, "दादा, सात पॉइंट चार खोटा ना रे?"

"कोण बोलला?"

"कोनी नाय. मी तुज्यापुढून गेली तवा तुजे दोनी हात डोक्यावर व्हते. घड्याळ खाली पडलेला."

"मग येवढी वर्सं बोलली का नाय?"

"तुला सांगून बरा वाटला व्हता... ऱ्हाऊ दे बोल्ली."

मी पेजेचा पुढचा चमचा भरला. तेव्हा बोलायला हवं होतं. त्या सकाळी छत्री मी घडी घालून भरली होती. रात्रीच्या दवाने ती ओली होती. हाताला कळलं होतं मला. उन्हात टाकली असती तर तासभर गेला असता, आणि मला दुपारपाळीला जायचं होतं. ओली छत्री चिकटते हेही ठाऊक होतं. आठ वर्षं बोललो नाही, त्या दिवशीही नाही. म्हटलं, ताप उतरला की सांगू... आज पहिल्यांदा लिहितो आहे. तिला हेही ठाऊक होतं का, ते आता कोण सांगणार?

तिची खाट रस्त्याकडच्या खिडकीशी आहे. पडल्या पडल्या ती बाहेरच्या गाड्यांचा नुसत्या आवाजावरून वेग सांगायची. "पंचेचाळीस. ही साठ. हा टेम्पो रिकामा हाय." आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ऐकूही येत नसे. परवा संध्याकाळी मी त्या खोलीत बसलो होतो. एक ट्रक जोरात गेला. दारात उभ्या असलेल्या आईने मान वळवून खाटेकडे बघितलं, आणि आम्ही दोघंही आकडा ऐकायला थांबलो.