चहा कुणी केला?

गाण्यांचा सिनेमा लागला की आमच्या मामाला झोप यायची. त्याला लागायचे ‘खरे पिच्चर’. डॉक्युमेंटरीला त्याने ठेवलेलं हे नाव. सुप्याच्या एका कारखान्यात तो फिटर होता. पहिली पाळी संपवून आला की हातपाय धुऊन मोबाईल घेऊन बसायचा आणि जगाच्या कानाकोपऱ्यातले विक्षिप्त गुरू शोधून काढायचा. झाडावर राहणारा, शिष्यांना शिव्या देऊन हाकलणारा, उपदेश न करता नुसती भांडी घासत राहणारी. ‘सरळ लई हायेत, मला वाकडा पायजे,’ म्हणायचा. ही खोड त्याने मला लावली आणि ती मी आजही मिरवते.

गुरू कितीही गोड बोलो, मामा मध्येच चित्र थांबवायचा. ‘ह्यो काय बोलतो ते सोड. चहा कुणी केला?’ मग आम्ही मागचे कोपरे धुंडाळायचो. कप आणून ठेवणारी बाई खाली मान घालून निघून गेली आणि तिच्याकडे कुणी बघितलंही नाही, की गुरू नापास. पांढऱ्याशुभ्र दाढीचे एक गाजलेले महाराज त्याने असेच चहा येताक्षणी निकालात काढले होते. मला ते खूप आवडत होते, पण त्याचं म्हणणं पटलं.

माझ्या आईला मात्र हे सगळं मुळीच खपत नव्हतं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्याबरोबर बुवा-महाराजही आमच्या घरातून गेले होते. ‘आबांनी जे दारातनं हाकललं, ते तू मोबाईलातनं आत आनतोस,’ ती मामाला म्हणायची. तो शांतपणे सांगायचा, ‘आक्का, मी बघाया जातो. वाकाया न्हाई.’ आक्काने एकदा तरी शेजारी बसून खरा पिच्चर बघावा, एवढीच त्याची इच्छा होती. ती बसली तर नाहीच, पुढे पुढे तिने भावाच्या घरी जाणंही सोडलं. मामा हसतखेळत राहायचा, पण ते त्याला फार लागलं होतं.

मग त्याने स्वतःच एक खरा पिच्चर काढला. राजूरच्या पलीकडे डोंगरातल्या एका वाडीत एक म्हातारी राहते, ज्ञान मागायला येणाऱ्याला ती आधी भातातलं गवत काढायला लावते, असं त्याच्या कानावर आलं होतं. रजा टाकून, मोबाईल घेऊन मामा गेला. परत आल्यावर विहारात चादर बांधली, कुणाचा तरी प्रोजेक्टर आणला. आईला मी अक्षरशः ओढत नेलं. ती सगळ्यात मागे, दाराशी, उठून जायच्या तयारीनेच बसली.

म्हातारी फारसं बोललीच नाही. गवत काढत राहिली, मामाही मोबाईल बांधावर टेकवून तिच्यामागे गवत काढताना दिसला. मग ओसरीवर चहाचे कप आले, आणि मागून आईचा आवाज आला.

‘चहा कुणी केला?’

सगळे वळून बघायला लागले. मामाने चित्र थांबवलं. ‘मी.’

‘म्हंजी वाकलास की रं!’

‘चुलीपुढं वाकलो, आक्का. फुंकल्याबिगर पेटती व्हय?’

सगळं विहार हसलं. आई उठली, पुढे येऊन त्याच्या शेजारी सतरंजीवर बसली आणि म्हणाली, ‘लाव म्होरं.’ मामाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता, तो मी कुठल्याच गुरूच्या चेहऱ्यावर बघितलेला नाही.

गेल्या वर्षी मामा गेला. कामावरून येताना छातीत कळ आली, एवढंच निमित्त. पुण्यानुमोदनाला त्याच विहारात सगळे जमले. आई कुठे दिसेना. वंदना झाली, चहा फिरू लागला, आणि मामाबरोबर नेहमी चित्रं बघणारा त्याचा एक दोस्त सवयीने बोलून गेला, ‘चहा कुणी केला?’ बोलला आणि त्याने जीभ चावली.

मागच्या दारातून आई आली. पदराला हात पुसत होती, डोळे लाल झाले होते.

‘त्याच्या आक्कानं,’ ती म्हणाली.