नाव नसेल तर अडवा

नेटवर्कच्या नोकरीत किस्से साठतात ते सगळे बिघाडाचे. सगळं सुरळीत चाललेल्या दिवसाचा किस्सा होत नाही. त्या दिवशी आपण ऑफिसात होतो हेसुद्धा कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यामुळे कोलकात्यातल्या माझ्या नोकरीबद्दल कोणी विचारलं आणि मी बोलायला लागले, की ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई सतत पडलेलंच उचलत होती. तसं ते फार खोटंही नाही.

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही इथे आलो आणि मला एका केबल कंपनीत काम मिळालं. कंपनी फायबरवरून घरोघरी टीव्ही पोचवायची, शिवाय हॉस्पिटलं, कारखाने, ऑफिसं यांची आतली प्रसारणंही सांभाळायची. आमच्या खोलीत आम्ही तिघं. सान्यालदा वयानं आणि हुद्द्यानं मोठे, बेहाला भागात राहणारे. अरिंदम साधारण माझ्या वयाचा. आणि मी.

मल्टिकास्ट म्हणजे काय ते मी पुस्तकात वाचलं होतं, पण समजलं ते सान्यालदांनी चहाच्या टपरीवर सांगितलं तेव्हा. एक जण एकदाच बोलतो आणि ज्यांनी ऐकायचं म्हणून हात वर केलाय, त्यांनाच ते पोचतं. प्रत्येक चॅनेलला एक ग्रुप नंबर असतो. कुठला ग्रुप कुठल्या भागात जाऊ द्यायचा हे त्या त्या राऊटरवर लिहून ठेवायचं, त्याला रूट पॉलिसी म्हणायचं. राऊटर त्या ओळी वरून खाली वाचत जातो.

मी विचारलं, सगळ्या ओळी वाचून संपल्या आणि एखाद्या ग्रुपचं नाव कुठेच आलं नाही तर?

"तर अडवायचं," सान्यालदा म्हणाले. "ती ओळ लिहावी लागत नाही. ती असतेच."

मग मातीचा कप टोपलीत टाकून म्हणाले, कंपनीत कपात सुरू होईल तेव्हा ही ओळ आठव.

*

एका हॉस्पिटलचं काम आमच्याकडे होतं. तिथे ऑपरेशन थिएटरमध्ये एक कॅमेरा होता. शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या इमारतीत शिकणारी मुलं ती पडद्यावर बघायची. नातेवाईक बसतात त्या हॉलमध्येही एक टीव्ही होता, त्यावर हॉस्पिटलच्या सूचना यायच्या. कोणीतरी पूर्वी या दोन्हींना एकच ग्रुप नंबर देऊन ठेवला होता. मध्ये आमची पॉलिसी होती म्हणून त्यांची गाठ पडत नव्हती.

अरिंदमनं एके दिवशी पॉलिसी नीटनेटकी करताना परवानगीचा पट्टा जरा रुंद लिहिला आणि मधली आडकाठी गेली. दुपारी फोन आला. नातेवाइकांच्या हॉलमधल्या टीव्हीवर उघडलेली छाती दिसत होती आणि चाळीसेक माणसं मान वर करून बघत होती.

अरिंदमनं ओळ दुरुस्त केली, पण तो टीव्ही काही बदलेना, अडकूनच बसला. म्हणून आम्ही दोघं टॅक्सी करून तिथे गेलो. तो टीव्हीची वायर काढायला पुढे झाला, तेवढ्यात पुढच्या खुर्चीतली एक मुलगी उठून आली. तिचे वडील आत होते. पडद्यावर तेच आहेत की दुसरं कोणी, हे तिला माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. मला वाटलं, आता ही ओरडणार.

ती हळूच म्हणाली, "थोडा वेळ राहू द्या ना. आत काय चाललंय ते आम्हाला कोणी सांगतच नाही."

अरिंदमनं वायर काढली. मग डॉक्टर बाहेर येईपर्यंत तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिला. मी टॅक्सीनं एकटीच परत आले. डॉक्टरनं काय सांगितलं ते मी त्याला दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यानं कॉम्प्युटर सुरू केला.

*

गार्डन रीचच्या बाजूला एक कारखाना होता. तिथला भोंगा आणि सगळ्या घोषणा नेटवर्कवरच्या स्पीकरमधून व्हायच्या. कारखान्याच्या सांगण्यावरून सान्यालदांनी तिथली पॉलिसी बदलली आणि एका शेडचा ग्रुप यादीतून गळला. शिफ्ट सुटल्याचा भोंगा बाकी सगळीकडे वाजला, त्या शेडमध्ये वाजलाच नाही.

कामगारांचे मोबाइल गेटवर जमा करून घेत. पण फोरमनच्या हातात घड्याळ होतं आणि शेडच्या दारातून बाकीची माणसं जाताना दिसत होती. शिफ्ट सुटली हे सगळ्यांना कळलं होतं. तरी कोणी हातातलं काम ठेवलं नाही. आदल्याच महिन्यात बरीच माणसं कमी केली होती. आता आधी हत्यार खाली कोण ठेवणार, एवढाच प्रश्न होता.

तक्रार शेवटी आली ती बाहेर थांबलेल्या बसवाल्याची. गाडी भरत नव्हती.

सान्यालदांनी कारखान्याच्या मॅनेजरला फोन लावून माफी मागितली, लगेच दुरुस्त करतो म्हणाले. मॅनेजर मग म्हणाला, "करा. पण घाई नाही."

सान्यालदांनी तो फोन टेबलावर ठेवला नाही, आपटला. माझ्यासमोर त्यांनी काही आपटलं ते तेवढंच.

*

एक छोटं स्थानिक बातम्यांचं चॅनेल होतं. त्याचा करार संपला आणि वरून हुकूम आला की सगळ्या राऊटरवरून ते काढून टाका. आम्ही काढलं. स्टुडिओतून आमच्या इमारतीपर्यंतची वायर तेवढी चालू राहिली. आमच्या खोलीतल्या पडद्यावर चॅनेल दिसत होतं, त्याच्यापुढे कुठेच नाही.

मालकानं हे आपल्या माणसांना सांगितलं नव्हतं. संध्याकाळी नेहमीचे गृहस्थ आले, कोट घालून बातम्या वाचायला बसले. मधल्या जाहिरातींत त्यांनी आमच्याकडे फोन केला. घरून बायकोचा फोन आला होता, टीव्ही काळा आहे म्हणून. आमचं जातंय ना, असं विचारत होते.

फोन अरिंदमनं घेतला होता. त्यानं आमच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आमच्यापर्यंत येतंय, दादा."

त्यांना तेवढं पुरलं. ते परत वाचायला बसले. आम्ही तिघांनी हातातली कामं थांबवून पूर्ण बातमीपत्र बघितलं, हवामानासकट. शेवटी त्यांनी नमस्कार केला, तेव्हा सान्यालदांनी पडद्याकडे बघून हात जोडले.

*

सान्यालदा निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना गेले. सकाळी मासे आणायला बाजारात गेले होते, तिथेच. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी शोकसभा ठेवली आणि ती सगळ्या शाखांच्या पडद्यांवर दाखवायचं ठरलं. साहेब मुख्य ऑफिसच्या हॉलमध्ये बोलले, चांगलं बोलले. शेवटी सगळ्यांनी उभं राहून शांतता पाळली.

सभा संपल्यावर बेहाला शाखेतून फोन आला. तिथल्या बाईंनी विचारलं, खाली बसायचं का? त्यांचा पडदा सुरुवातीपासून काळाच होता. नेटवर्कवाल्याची शोकसभा, तेव्हा हे मुद्दाम केलं असेल असं समजून ती सगळी मंडळी पहिल्यापासून उभीच होती. मग डमडम शाखेला विचारलं, गार्डन रीचला विचारलं. कुठेच काही दिसलं नव्हतं.

अरिंदम आणि मी शोधत बसलो. मुख्य राऊटरवरच साहेबांच्या प्रसारणाचा ग्रुप अडवलेला सापडला. कितीतरी वर्षांपूर्वीची पॉलिसी होती. साहेब दर आठवड्याला भाषण करायचे आणि त्यानं शाखांच्या लाइनी तुंबायच्या, त्या काळातली. म्हणजे इतकी वर्षं साहेबांची भाषणं हॉलच्या बाहेर गेलीच नव्हती, आणि एकाही शाखेनं तक्रार केली नव्हती.

त्या ओळीवर इंग्रजीत शेरा होता: काढण्याआधी सान्यालला विचारा.

अरिंदम बराच वेळ कीबोर्डवर हात ठेवून बसला. मग ओळ तशीच ठेवून त्यानं स्क्रीन बंद केली आणि आम्ही चहाला गेलो.

*

कपात सुरू झाली. माणसांच्या आधी चॅनेलं गेली. ज्या भागात जे चॅनेल फार कोणी बघत नाही, ते तिथल्या राऊटरवर अडवायचं असं ठरलं. डमडमच्या पॉलिसीतून एक मराठी चॅनेल गेलं. बदल मीच केला. काम माझ्याकडे आलं होतं.

काही दिवसांनी कॉल सेंटरच्या मुलीनं मला फोन दिला. एक म्हाताऱ्या बाई रोज फोन करतात, त्यांचं हिंदी आम्हाला समजत नाही आणि आमचं त्यांना, तुम्ही बघता का? मी बोलले. सुमतीआजी, मूळच्या साताऱ्याकडच्या. मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत इकडे आला, इथल्याच मुलीशी लग्न केलं, डमडमला घर घेतलं. मागच्या वर्षी तो गेला. आता घरात आजी आणि सून. फोनवर चॅनेल बंद झालंय हे सांगायला मला जमेना. शनिवारी येते म्हणाले.

शनिवारी दुपारी सुनेनं दार उघडलं. शाळेत शिकवणारी, शांत बाई. सासूला औषध देत होती, उशी सारखी करत होती, सगळं करत होती. दोघींचं बोलणं खुणांनी आणि चार हिंदी शब्दांनी चालायचं. तिनं मला बाजूला घेऊन बंगालीत सांगितलं, हे होते तोवर मध्ये बोलणारं माणूस होतं.

टीव्ही चालू होता. पडद्यावर चॅनेल उपलब्ध नसल्याची सूचना होती. आजी त्याच्यासमोर बसल्या होत्या.

मी त्यांच्याजवळ स्टूल ओढलं आणि मराठीत सगळं नीट समजावून सांगितलं. चॅनेल कुठून येतं, वाटेत राऊटर कसे असतात, प्रत्येकावर पॉलिसी कशी लिहिलेली असते. तुमच्या टीव्हीनं मागितलं तरी डमडमचा राऊटर आता ते पुढे का सोडत नाही. ते परत सुरू होणार नाही, हेही सांगितलं. बरंच लांबलं. आजी माझ्या तोंडाकडे बघत, मान हलवत ऐकत होत्या. मध्ये एकदा सुनेला हातानं खूण करून त्यांनी टीव्ही बंद करायला लावला.

माझं बोलून झालं.

"परत एकदा सांग," आजी म्हणाल्या.

मी विचारलं, "आजी, कुठलं नाही समजलं?"

"मला त्यातलं काहीच समजलं नाही," आजी म्हणाल्या. "तू सांग."