लाखेखालचा जोड

आमचे हे आयुष्यभर विजेचे मीटर वाचत फिरले. मीटर बहुतेक घरांत जिन्याखाली असतो, आणि घरातली नकोशी अडगळही तिथेच असते. मोडक्या सायकली, गळके पंप, आणि कधीतरी म्यानात गंजून चिकटलेली एखादी तलवार. दुसरा माणूस आकडा लिहून निघून गेला असता. हे तिथेच उकिडवे बसायचे. घरमालकीण बिलाची तक्रार सांगायला तोंड उघडेपर्यंत ह्यांनी पात्याला नखाने टिचकी मारून त्याचा आवाज ऐकलेला असायचा.

असं करत करत आमच्याकडे एकतीस तलवारी आणि चौदा खंजीर जमले. दोन खोल्यांचं घर. माझं कपाट लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी तलवारींनी बळकावलं आणि माझे कपडे पलंगाखालच्या ट्रंकेत गेले. मी म्हणायची, "तलवारींशीच संसार थाटायचा होता तर मला कशाला आणलीत?" हे म्हणायचे, "गंज पुसायला कोणीतरी हवं ना!" आणि मी हसायची. तिथेच माझं चुकलं.

पण हत्यार ओळखण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मान्य करायलाच हवं. मोठमोठे व्यापारी आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून ह्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. ह्यांची रीत ठरलेली होती. पात्याचा मागचा निमुळता दांडा मुठीच्या आत जातो, आणि तो धरून ठेवायला मुठीत लाख ओतलेली असते. हे मूठ शेगडीवर हळूहळू शेकायचे. लाख मऊ पडली की पातं ओढून काढायचे, दांड्याला चिकटलेली लाख बोथट चाकूने खरवडायचे आणि मग भिंगातून बघायचे. "पातं घासून चकचकीत करता येतं, मुठीवर सोनं चढवता येतं," असं ते सांगत. "पण आत लपलेल्या दांड्याला नटवायला कोणी जात नाही. तो खोटं बोलत नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन.

निवृत्तीच्या काही वर्षं आधी ह्यांनी वाचनालयाच्या हॉलमध्ये एक रविवार ठरवला. घरातलं जुनं हत्यार घेऊन या, फुकट ओळखून देतो, अशी पाटी लावली. पन्नाससाठ माणसं जमली. त्यांत माझा थोरला भाऊ आला. दादा पुस्तकबांधणीचं काम करतो. सोबत बाबांना घेऊन आला होता, आणि बाबांच्या मांडीवर कापडात गुंडाळलेला आमच्या माहेरचा खंजीर.

त्या खंजिराची गोष्ट आम्ही दोघं ऐकतच वाढलो. बाबांचे पणजोबा नदीवर नाव चालवायचे. एका रात्री एक जखमी सैनिक आला, त्याच्याजवळ द्यायला काही नव्हतं. पलीकडे उतरल्यावर त्याने कमरेचा खंजीर काढला आणि पणजोबांच्या हातात ठेवला. बाबा दरवर्षी तो विटेच्या पुडीने लखलखीत घासायचे. दादाने ती गोष्ट आपल्या मुलांना सांगितली होती, गिऱ्हाइकांना सांगितली होती. आज ती गावासमोर खरी ठरणार म्हणून नवा शर्ट घालून आला होता.

ह्यांनी मूठ शेकली, पातं काढलं. रांग मोठी होती, मागून लोक घाई करत होते. ह्यांनी दांड्याच्या टोकाकडची दोन बोटं लाख खरवडली, भिंग लावलं आणि हसले. म्हणाले, "बाबा, तुमच्या पणजोबांनी नाव वल्हवली असेल, पण तेव्हा हे बाळ जन्माला यायचं होतं. हे लोखंड फार तर तुमच्या वयाचं आहे!"

हॉल खदखदून हसला. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! आणि लाज वाटते सांगायला, पण मलाही तेव्हा अभिमानच वाटला. सासरेबुवांचीही भीड न ठेवणारा माणूस आहे माझा, असं वाटलं. बाबा एवढंच म्हणाले, "असेल. तुम्ही जाणकार आहात, जावईबापू." आणि कापडाची घडी घालत बसले.

दादाचा चेहरा मात्र उतरला होता. घरी जाताना त्याने विचारलं, "खरं सांगा, कुठून आणलात?" बाबा म्हणाले, "माझ्या आजोबांनी दिला." दादा भडकला. "अजून तेच? एवढ्या लोकांत माझं हसं झालं, तरी तेच?" बाबांनी पुन्हा तेच सांगितलं. त्या दिवसापासून दादाने बोलणं टाकलं. एका घरात राहायचे, एका टेबलावर जेवायचे, पण मीठ हवं असलं तरी नातवाकडून मागवायचे. मी जाऊन दोघांना समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. दादा म्हणायचा, "मला खंजिराचं काही नाही. त्यांनी एकदा कबूल करावं, बस. बापाने लेकाशी चाळीस वर्षं खोटं बोलावं?"

दोन वर्षं हे चाललं. मग बाबा आजारी पडले, आणि शेवटच्या महिन्यात दोघं अचानक बोलायला लागले. दादा त्यांना भरवायचा, पाय चेपायचा. कसं जुळलं ते मी विचारलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणून मी गप्प बसले. बाबा गेले त्याला आता नऊ वर्षं झाली.

गेल्या महिन्यात ह्यांनी भंगारवाल्याकडून एक मोडकी तलवार आणली. आता नोकरी नाही, घाई नाही. दुपारभर बसून ह्यांनी दांड्यावरची लाख पार वरपर्यंत खरवडली. मी भाजी निवडत होते. अचानक चाकूचा आवाज थांबला. बघते तर हे भिंतीला टेकून बसलेले, तोंडावर रक्त नाही.

"अगं, ह्याला जोड आहे," म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनी दाखवलं. दांड्याचा खालचा भाग नव्या लोखंडाचा होता. दोन बोटं वर एक तिरकी रेघ होती, आणि त्या रेघेच्या वर जुनं पोलाद. जुनी पाती बरेचदा दांड्यातच मोडतात, मग एखादा लोहार नवा तुकडा जोडून देतो. पातं जुनंच असतं, फक्त शेपूट नवी. ह्यांना हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"त्या दिवशी बाबांच्या खंजिराची मी दोनच बोटं खरवडली," हे म्हणाले. "वर बघितलंच नाही."

मी ह्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. बोलून झाल्यावर आम्ही दोघं चपला घालून दादाकडे निघालो.

दादाचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला दाबयंत्र, मधे शिवणीची चौकट, सगळीकडे खळीचा आणि कातड्याचा वास. आम्हाला बघून त्याने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. ह्यांनी बसायच्या आधीच विचारलं, "तो खंजीर कुठे आहे?"

"बाबा गेल्यावर कापून त्याची सुरी करून घेतली," दादा म्हणाला. "धार चांगली लागते." आणि त्याने टेबलावरची सुरी पुढे केली. पुस्तकाच्या पाठीचं कातडं तासायची, वीतभराची, रोज घासून घासून अर्धी झालेली.

ह्यांनी खिशातून पातळ आम्लाची बाटली काढली. जुनं पोलाद घासून कितीही गुळगुळीत केलं तरी आम्ल लावलं की त्याची मूळ नक्षी वर येते. सुरी पुसून त्यांनी एक थेंब टाकला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. आधी पातं करडं झालं. मग वाळूत पाणी ओसरल्यावर राहतात तशा बारीक रेघा दिसायला लागल्या. दोन इंचच, पण स्वच्छ.

"असं पोलाद दीडदोनशे वर्षांत कोणी बनवलेलं नाही," हे म्हणाले. "बाबा खरं सांगत होते. चूक माझी होती. सगळी माझी. तू मला काय हवं ते बोल."

मला वाटलं दादा सुरी फेकेल, ह्यांची गचांडी धरेल. धरली असती तर बरं झालं असतं. तो ह्यांच्याकडे बघतही नव्हता. स्टूल ओढून खाली बसला.

"पण बाबांनी तर कबूल केलं होतं," तो म्हणाला.

"काय कबूल केलं?" मी विचारलं.

"शेवटच्या आजारात. मला हाक मारली, जवळ बसवलं. म्हणाले, तुझंच खरं रे. खंजीर मी बाजारातून आणला होता. गोष्ट मीच रचली. चूक झाली, पण आता तरी माझ्याशी बोल."

हे हळूच भिंतीला टेकले. बाबांनी आयुष्यात एकच खोटं सांगितलं होतं, आणि ते हे होतं. लेकाने जवळ बसावं म्हणून.

दादा सुरीवरच्या त्या रेघांवरून अंगठा फिरवत होता.

"ताई," तो म्हणाला. मी धाकटी असले तरी लाडाने तो मला ताईच म्हणतो. "आणि मी काय म्हटलं माहितीये? मोठेपणा घेऊन मी त्यांना म्हटलं, जाऊ दे बाबा, मी तुम्हाला माफ केलं."